मेळघाटात कोरकू-मराठी शिकवणारे शिक्षक का मिळत नाहीत?

धारणी तालुक्यातील शिक्षक :
दोन्ही भाषांतून शिकवण्याचा विषय निघाला, की ‘पात्र उमेदवारच नाहीत’ हे उत्तर ठरलेले असते. माझ्या मते हा तुटवडा नियमांनीच निर्माण केला आहे. राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा उर्दू, बंगाली, तेलुगू या भाषा घेऊनही देता येते. कोरकू आणि गोंडी मात्र त्या यादीत नाहीत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीच्या कुळातली नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी निदान कानाला ओळखीची वाटते, कोरकू मुलाला तीही वाटत नाही. वर्गात मी वजाबाकी मराठीत सांगतो, चौथीतली एक मुलगी तीच कोरकूत सांगते, आणि मग कुठे पहिलीच्या मुलांची पेन्सिल पाटीवर चालू लागते. बारावी झालेल्या कोरकू तरुणांना आधी नेमावे आणि डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका सेवेत असताना पूर्ण करू द्यावी.

अचलपूरचे निवृत्त केंद्रप्रमुख :
सर, आपली तळमळ पटते, उपाय पटत नाही. अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवण्यासाठी कायद्याने दिलेली वाढीव मुदत ३१ मार्च २०१९ रोजीच संपली. शिवाय अट फक्त आदिवासी मुलांच्या शाळेपुरती सैल करायची, हा न्याय कसा? वस्तीशाळांवरच्या, म्हणजे छोट्या वस्त्यांतल्या शाळांवरच्या, शिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर किती वर्षे काढली, ते मी जवळून पाहिले आहे. कोरकू तरुणांच्या वाट्याला तेच येईल.

चिखलदरा तालुक्यातील पालक :
आम्ही घरी कोरकूच बोलतो. पण उद्या मुलगी शिकायला परतवाड्याला गेली, तर तिथे तिला कोरकूत कोण शिकवणार? शाळेने तिची मराठी पक्की करावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

धारणी तालुक्यातील शिक्षक :
ताई, मराठी कच्ची राहते ती याचमुळे, की मुले अर्थ न कळता धडे पाठ करतात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे संविधानाचे अनुच्छेद ३५० अ सांगते, आणि त्यात मराठी वगळा असे कुठेही म्हटलेले नाही.

अचलपूरचे निवृत्त केंद्रप्रमुख :
त्यावर माझा वाद नाही. पण सपाटीवरून आलेला शिक्षक अवघड क्षेत्रातली, म्हणजे दुर्गम गावांतली, तीन वर्षे भरताच बदलीचा अर्ज करतो, म्हणजे भाषा जिभेवर बसू लागते तेव्हाच तो निघून जातो. म्हणून डी.एल.एड.च्या जागा धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलामुलींसाठी राखून ठेवाव्यात, त्यांची फी शासनाने भरावी आणि पात्रता परीक्षेत कोरकूचा पेपर ठेवावा. तोवर पहिली-दुसरीच्या वर्गांना कोरकू बोलणारा सहायक द्यायचा असेल, तर तो मानधनावर नको, नियमित वेतनावर द्यावा.