चावी फिरवली की एकच 'टक्', सेल्फ घेतच नाही. नवी बॅटरी घालूनही तेच

टक्-ग्रस्त:
गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअरची, अकरा वर्षांची. चावी फिरवली की बॉनेटखालून एकच 'टक्' आणि मग शांतता. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न ठणठणीत, काचा वरखाली होतात. पहिल्या दिवशी सात-आठ वेळा चावी फिरवल्यावर एकदम सुरू झाली, म्हणून मीही विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सुरूच होईना.

बॅटरी चार वर्षांची होती, ज्याला विचारलं त्याने तिच्याकडेच बोट दाखवलं. नवी घातली. दोन दिवस सुखाचे गेले, तिसऱ्या सकाळी पुन्हा टक्. आता गॅरेजवाले म्हणतात सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) गेलाय, बदला. बॅटरीच्या वेळीही ते इतक्याच खात्रीने बोलले होते! मल्टिमीटर आहे माझ्याकडे. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 दाखवते. सेल्फ विकत घेण्याआधी तो खरंच गेलाय का, हे घरच्या घरी कसं बघू?

मागची सीट:
सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकेच दोन टोले द्या नि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. लागली तर कार्बन ब्रश झिजलेत. माझ्या जुन्या गाडीत हेच होतं.

काळे हात:
टोल्याने लागते हे खरं, पण हादऱ्याने शेजारची सैल वायरही जागेवर येते. मग दोष नक्की कुणाचा ते कळत नाही. आधी मोजा.

एक टक् की टकटकटकटक, हे तुम्ही नीट सांगितलंत ते बरं झालं. भराभर टकटक म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली: सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतो, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढतो. एकच दमदार टक् म्हणजे सोलेनॉइडने आपलं काम केलं, पण मोटरपर्यंत ताकद पोचली नाही, किंवा पोचली आणि मोटरच फिरली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत.

दिवे लागतात यावर जाऊ नका. हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब जेमतेम साडेचार अँपिअर घेतो, सेल्फला शंभर-दीडशे लागतात. वाटेत कुठे 0.02 ओहमचा गंज असला तरी दीडशे अँपिअरला तिथेच 3 व्होल्ट जातात. मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर इतका कमी रोध दिसतही नाही. म्हणून चावी स्टार्टला धरलेली असतानाच व्होल्ट मोजायचे.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, वायरी नि बाही पट्ट्यापासून लांब. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणीतरी चावी फिरवू दे. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा जाड वायरीचा बोल्ट, तिथेही तेच. दोन्हीकडे जवळजवळ शून्य आलं, बॅटरी बाराच्या आसपास टिकली आणि तरी मोटर हलली नाही, तर सेल्फ किंवा त्याच्या सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट गेले. मग खुशाल खोला.

आणि एक सांगा, एवढ्यात गाडीचं काही काम केलं होतं का?

जंपरवाला:
मीटरशिवायचा उपाय: जंपर केबलची एकच वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला. पॉझिटिव्हला हातही लावायचा नाही. त्यावर सुरू झाली तर अर्थिंग (इंजिनकडून बॅटरीकडे करंटची परतीची वाट) खराब.

टक्-ग्रस्त:
काळे हात, मागच्या महिन्यात क्लच प्लेट बदलली. बॅटरीशी तिचा काय संबंध, म्हणून लिहिलं नव्हतं.

आधी मोजलं. निगेटिव्ह खुंट ते इंजिन: 7.8 व्होल्ट! मीटर बिघडलं असं वाटून दोनदा घेतलं. मग जंपर केबल लावली आणि पहिल्याच चावीला सुरू. बायको चावीवर होती; ती म्हणाली, "झालं? चार दिवस हेच?"

खाली वाकून जाड काळी वायर शोधत गेलो. ती गिअरबॉक्सवर एका बोल्टने बसते. बोल्ट बोटांनी फिरला. गिअरबॉक्स उतरवताना सोडला असणार आणि परत आवळायचा राहिला. खाली हिरवट-पांढरी भुकटी. आणि चावी फिरवताना क्लचची केबल कोमट लागायची ते मला इंजिनच्या उष्णतेमुळे वाटायचं, पण इंजिन तर थंड असायचं.

काळे हात:
करंटला परतीची मोठी वाट बंद झाली, म्हणून तो क्लचच्या केबलमधून वाट काढत होता. लांबलं असतं तर केबल जळाली असती. बॅटरीचं निगेटिव्ह काढून घ्या, वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) आणि गिअरबॉक्सचा धातू दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, वरून ग्रीस. ग्रीस मध्ये भरू नका.

टक्-ग्रस्त:
केलं. आता 0.15 व्होल्ट. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.2, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. दोन दिवसांत वीसेक वेळा सुरू केली, एकदाही टक् नाही.

जुनी बॅटरी चार्जरला लावून रात्रभर बाजूला ठेवली होती, तरी 12.6 दाखवते. बिचारीला उगाच काढलं का?

काळे हात:
नुसत्या 12.6 वरून सांगता येत नाही. लोड लावून, म्हणजे मोठा करंट ओढताना, बघा. नऊ-साडेनऊ व्होल्टच्या वर टिकली तर उगाच काढली.