मदत हवी आहे: झोनची जपानी डीव्हीडी भारतात कशी चालवावी?

सप्पोरोच्या ‘झोन’ या मुलींच्या आयडॉल रॉक बँडची टोकियोतल्या बुदोकान सभागृहातल्या १ एप्रिल २००५ च्या निरोपाच्या मैफिलीची जुनी डीव्हीडी मला घ्यायची आहे. ‘अनोहाना’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहिलेल्यांना त्यातलं ‘सीक्रेट बेस’ आठवत असेल. ते मूळ गाणं यांचंच, ऑगस्ट २००१ चं. दहा वर्षांनी पुन्हा भेटू असं त्यात म्हटलंय, आणि ऑगस्ट २०११ मध्ये या मुली खरंच एकत्र आल्या. ड्रमवाली मिझुहो तेव्हा नव्हती, पण २००३ मध्ये बँड सोडलेली ताकायो परत आली. हे मला फार मोठं वाटतं. २०१३ मध्ये बँड पुन्हा थांबला.

अडचण अशी की डीव्हीडीवर जगातल्या भागानुसार रीजन कोड असतो आणि प्लेअर आपल्याच रीजनच्या डिस्क चालवतो; जपानी डीव्हीडी रीजन २ ची, आपल्याकडे रीजन ५. घरच्या प्लेअरचे रिमोटवरचे कोड करून पाहिले, रीजन बदलत नाही. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये रीजन पाचदाच बदलता येतो आणि शेवटचा कायमचा राहतो. घरच्या बाकीच्या डिस्क त्यावरच बघतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही. कॉपी किंवा पायरेटेड फाइल नको. सबटायटल नसले तरी चालेल.

विकणारा भारतात पाठवत नाही, त्यामुळे जपानमधल्या एजंटमार्फत मागवावी लागेल.

कुणी वेगळा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन तो कायमचा रीजन २ वर ठेवलाय का? कुठलं मॉडेल? आणि एकाच वापरलेल्या डीव्हीडीवर कस्टम्सने किती पैसे घेतले?