लक्ष्मी रस्ता अरुंद आहे म्हणून कोंडतो, की आपण कोंडवतो?

सदाशिवपेठी

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याच्या कोंडीचा विषय निघाला की "रस्ताच अरुंद, करणार काय?" हे वाक्य ठरलेलं. मला ते पटत नाही. नाना पेठेकडून अलका चौकाकडे हा रस्ता एकेरी आहे, समोरून गाडी येण्याचा प्रश्न नाही. तरी सणासुदीच्या संध्याकाळी बेलबाग चौक ते कुंटे चौक हे अंतर पायी लवकर कापलं जातं आणि रिक्षाने उशिरा. कडेची अख्खी पट्टी उभ्या दुचाक्यांनी भरलेली, तिला खेटून "दोन मिनिटांत आलो" म्हणणाऱ्यांची दुसरी रांग. मधे जे उरतं त्यातून रिक्षा, टेम्पो आणि माणसं.

दुकानं उघडायच्या वेळी एकदा येऊन बघा. शटर वर जाण्याआधीच पट्टी भरलेली असते. या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसतात. मालकांच्या, सेल्समनच्या, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसांतल्या लोकांच्या असतात. मेन स्टँडवर, हँडल लॉक केलेल्या, काहींवर तर कव्हर घातलेलं. रात्री दुकान वाढवेपर्यंत त्या हलत नाहीत. मग साडी घ्यायला आलेली बाई गाडी लावणार कुठे? ती दुसऱ्या रांगेत लावते आणि टोइंगवाले नेमकी तिचीच उचलतात.

माझं म्हणणं असं: नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक या टप्प्यात गाडी लावणं पूर्ण बंद करा. बाकी रस्त्यावर तासाप्रमाणे पैसे घ्या. आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी तो टप्पा फक्त चालणाऱ्यांना द्या. २०२१ मध्ये महापालिकेने ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला, तेव्हा याच रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद केला होता. जे एक दिवस करता येतं, ते आठवड्याला का नाही?

कापडवाला

आमचं दुकान याच रस्त्यावर, वडिलांच्या आधीपासून. पादचारी दिनाला गर्दी होते, खरं आहे. पण ती फिरायला आलेली गर्दी असते. मुलं रस्त्यावर खेळतात, लोक फोटो काढतात, ते बघायला मलाही आवडतं. त्या दिवशी गल्ल्यात काय जमतं, ते मात्र दुकानदाराला विचारा.

आमचा धंदा लग्नसराईवर चालतो. बस्ता बांधायला सासवडहून, भोरहून एकेक कुटुंब येतं: नवरीची आई, आत्या, काकू, शिवाय एक आजी, कारण मानाच्या साड्या तिच्या पसंतीने घ्यायच्या असतात. आठ-दहा माणसं आणि परतताना मोठमोठ्या पिशव्या. त्यांना मी सांगू का, गाडी मंडईत लावा आणि आजीला चालवत आणा? ते पुढच्या वेळी उपनगरातल्या एखाद्या मोठ्या शोरूममध्ये जातील. तिथे तळघरात गाडी लागते आणि लिफ्ट थेट साड्यांच्या मजल्यावर उघडते. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

सेल्समनचंही ऐका. माझ्याकडचे दोघं धायरीहून येतात, एक फुरसुंगीहून. दुकान बंद करून, थप्प्या लावून निघायला त्यांना साडेनऊ होतात. त्या वेळी बसची वाट बघत उभं राहायचं आणि अकराला घरी जेवायचं? त्यांचा पगार मला माहीत आहे. रोजचं पार्किंग त्यांना परवडणार नाही.

मेट्रोने येणारी

२९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला तेव्हापासून मी मंडई स्टेशनला उतरते आणि चालत येते. त्यामुळे "पार्किंग बंद तर गिऱ्हाईक बंद" हे मला मान्य नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आमची गाडी दारात दिसत नाही म्हणून आम्ही मोजले जात नाही, इतकंच.

मात्र उतरल्यावर पुढचं चालणं म्हणजे परीक्षा. फुटपाथवर दुकानाच्या पायऱ्या, पुतळ्यांवरचे ड्रेस, विजेचे डबे. खाली उतरावं तर दुचाक्या इतक्या चिकटून की दोन हँडलांमधून आडवं होऊन निघावं लागतं. माझ्या भाचीच्या पोटरीला नुकत्याच उभ्या केलेल्या बाइकचा सायलेन्सर लागला. सहा वर्षांची पोर, एवढा मोठा फोड आला. कापडवाले दादा, आजीला मंडईतून चालवायचं नाही म्हणता, कबूल. पण गाडीतून उतरल्यावर तुमच्या पायरीपर्यंत तरी ती धड पोहोचते का? तिच्यासाठीच तर रस्ता मोकळा हवा.

वाड्यातला

दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांना इथे राहणारी माणसं दिसतच नाहीत. आमच्या वाड्यात सोळा बिऱ्हाडं आणि गाडी लावायला बोळ. जुने वाडे बांधले तेव्हा दारात मोटारी नव्हत्या. मुख्य रस्ता बंद झाला की सगळी वाहतूक आणि सगळं पार्किंग बोळात शिरतं. ११ डिसेंबरला रस्त्यावर मोकळीक असते तेव्हा आमच्या दारात काय चालतं ते कोणी दाखवत नाही. एका वर्षी शेजारच्या काकांना दवाखान्यात न्यायचं होतं, रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी थांबली आणि त्यांना खुर्चीवर बसवून आम्ही चौघांनी बाहेर आणलं.

आधी बोळांचं बोला, मग रस्त्याचं. रहिवाशांना परवाने द्या, बाकीच्यांना बोळात बंदी करा आणि ती रात्रीही पाळली जाऊ द्या.

सदाशिवपेठी

वाड्यातले, तुमचं शंभर टक्के मान्य. परवान्याशिवाय ही योजना करूच नये.

कापडवाले, आजीबद्दल एक सुचवतो. सोडायला आणि न्यायला गाडी थांबणं वेगळं आणि दिवसभर उभी राहणं वेगळं. आजी उतरली, पिशव्या चढल्या, गाडी गेली, याला पाच मिनिटं लागतात. त्यासाठी दर चौकाजवळ थोडी जागा राखून ठेवता येते. आज ती जागा नाही, कारण तिथे तुमच्या सेल्समनची गाडी सकाळपासून आहे.

पैशांचं म्हणाल तर डोनाल्ड शूप या अमेरिकी अभ्यासकाने आयुष्यभर हेच मांडलं: रस्त्यावरच्या पार्किंगचा दर इतका ठेवा की एखाद-दोन जागा कायम रिकाम्या मिळतील आणि जमलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा. पुण्याला हे नवं नाही. २०१८ मध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, प्रयोगासाठी पाच रस्ते ठरले. विरोध झाला आणि धोरण कागदावर राहिलं. फुकट जागा सगळ्यात आधी येणाऱ्याला मिळते आणि इथे सगळ्यात आधी येतो तो गिऱ्हाईक नसतो.

रिक्षावाला_बेलबाग

आमचंही थोडं लिहितो. सवारी उतरवायला कडेला जागाच नसते. मधेच थांबतो, मागचे हॉर्न वाजवतात, पोलिसमामा पावती फाडतो. पार्किंगची रांग उठली तर आमच्यामुळे होणारी कोंडीही निम्मी होईल, कारण आम्हाला कडेला घेता येईल. फक्त रस्ताच बंद करू नका. गुडघे दुखणारी माणसं आमच्याच रिक्षातून येतात.

कापडवाला

चढ-उतारासाठी जागा राखणार असाल तर माझा अर्धा आक्षेप जातो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण संपूर्ण बंदीला विरोध कायम. दिल्लीच्या चांदनी चौकाचं उदाहरण सगळे देतात. २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद आहेत. दिसायला देखणं झालं. पण बंदी असूनही गाड्या घुसतात, ही तिथल्या लोकांची तक्रार आहे आणि माल उतरवायचा तर रात्रीच. सुरतेहून आमचे गठ्ठे येतात ते ट्रान्सपोर्टवाल्याच्या वेळेने. रात्री बाराला हमाल थांबवायचा तर जास्तीची मजुरी कोण देणार? मोठी दुकानं देतील. दहा बाय बाराचा गाळा असलेला काय करणार?

मेट्रोने येणारी

माल सकाळी नऊच्या आत उतरवा. तेव्हा गिऱ्हाईक नसतं.

कापडवाला

नऊच्या आत ट्रक शहरात पोहोचला तर.

सदाशिवपेठी

मग एकाच गोष्टीपासून सुरुवात करू. दुकानांत आणि ऑफिसांत काम करणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावरून उठवायच्या. मंडईचं मिसाळ पार्किंग आहे, नारायण पेठेत हमालवाड्याचं पार्किंग आहे. तिथे कामगारांसाठी स्वस्त मासिक पास द्यावा ही मागणी व्यापाऱ्यांनी स्वतः महापालिकेकडे करावी आणि पासाचे अर्धे पैसे मालकाने भरावेत. कापडवाले, तुम्ही भराल?

कापडवाला

माझ्या तिघांचे भरीन. पण शेजारचा भरत नसेल आणि माझ्या मोकळ्या झालेल्या जागेत त्याचा माणूस गाडी लावत असेल, तर मी दुसऱ्या महिन्यात थांबवीन. नियम सगळ्यांना लागू करा. आणि लग्नसराईत शनिवार-रविवारची बंदी मला मान्य नाही, ते आजही सांगतो आणि यावर बैठक झाली तर तिथेही सांगेन.

वाड्यातला

हमालवाडा भरला की उरलेल्या गाड्या नारायण पेठेच्या बोळांत येतील. बैठक होणार असेल तर आम्हालाही बोलवा. दुकानदार आणि पोलीस मिळून ठरवतात आणि आम्हाला फलक लागल्यावर कळतं, असं आता नको.