लायब्ररीच्या बिल्डमधून ३२-बिट आर्म काढून टाकायचं का?

टूलचेन_पुणेकर
आमची इमेज डिकोड करणारी सी++ लायब्ररी अँड्रॉइडच्या चारही एबीआयसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या चारही प्रकारांसाठी, बिल्ड होते. पुढच्या आवृत्तीपासून दोन्ही ३२-बिट टार्गेटं, म्हणजे आर्म-व्ही७ए आणि एक्स८६, काढून टाकावीत असं माझं ठाम मत आहे. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून ३२-बिट ॲप चालवणं बंद केलं. गूगल प्लेवर ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट सक्तीचं आहे. २०२२ चा पिक्सेल ७ तर ३२-बिट ॲप घेतच नाही. आपण मात्र अजून दोन जीबीवरच्या फायलींसाठी वेगळी पळवाट सांभाळतोय, कारण ३२-बिटवर ऑफसेट, म्हणजे फाइलमधली जागा सांगणारा आकडा, ३२ बिटांचा. तीच मेहनत १६ केबी मेमरी पेजच्या (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते, त्यांच्या मोठ्या आकाराच्या) कामाला लावा ना! शिवाय ॲपचा आकारही कमी होईल.

सावंतवाडी_कोडर
साफ असहमत. प्लेचा नियम नीट वाचा: ३२-बिट देत असाल तर सोबत ६४-बिटही द्या, एवढंच त्यात आहे. ३२-बिट काढा असं कुठेही म्हटलेलं नाही. स्वस्त फोनमध्ये चिप ६४-बिट असली तरी रॅम वाचवायला त्यावर ३२-बिट अँड्रॉइड टाकलेलं असतं. त्यामुळे चिपचं नाव बघून काही ठरवू नका. गेटप्रॉप या कमांडने फोनची एबीआय यादी काढा; त्यात फक्त व्ही७ए आणि जुनं आर्मएबी दिसलं, तर तुमची ६४-बिट .एसओ (बिल्ड झालेली लायब्ररी) फाइल त्या फोनला शून्य उपयोगाची. हे फोन वापरणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि नवा फोन घेणं त्यांच्या हातात नाही.

बिल्ड_मास्तर
आकाराचा मुद्दा तर सोडूनच द्या. प्लेवर नवीन ॲपना ऑगस्ट २०२१ पासून बंडल (सगळ्या एबीआयच्या फायली एकत्र असलेलं पॅकेज) बंधनकारक आहे आणि त्यातून प्रत्येक फोनला त्याच्याच एबीआयची फाइल जाते. खरा धोका वेगळाच आहे. ॲपमध्ये दुसरी एखादी लायब्ररी व्ही७ए देतेय आणि आपण देत नाही, असं झालं तर? प्लेला ॲप त्या फोनसाठी चालणारं वाटतं, ते इन्स्टॉल होतं, आणि आपली लायब्ररी लोड करायला गेलं की ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ देऊन कोसळतं. शिव्या ॲपवाल्याला बसतात, चूक आपली असते. ॲपने टार्गेट सोडणं आणि लायब्ररीने सोडणं यात हा फरक आहे.

टूलचेन_पुणेकर
बंडलचं मान्य, आकाराचा मुद्दा मागे घेतो. पण टेस्टचं काय? अलाइनमेंट चुकलेला पॉइंटर (मेमरीतला नीट न जुळणारा पत्ता) ६४-बिट आर्मवर बहुतेक वेळा निभावतो, तोच व्ही७ए वर एलडीआरडी या प्रोसेसरच्या सूचनेपाशी सिगबस एरर देऊन मरू शकतो. ज्यावर टेस्ट चालत नाही ते टार्गेट लोकांच्या हाती देणं मला पटत नाही.

बिल्ड_मास्तर
मग टेस्ट चालवा! ३२-बिट चालवणारा कुठलाही ६४-बिट फोन जोडा आणि एडीबीने (संगणकावरून फोन हाताळायच्या टूलने) इन्स्टॉल करताना एबीआय व्ही७ए सांगा. वेगळं हार्डवेअर लागत नाही. सीमेक या बिल्ड टूलमध्येही एनडीकेची (अँड्रॉइडच्या सी++ किटची) टूलचेन फाइल तीच राहते, फक्त अँड्रॉइड_एबीआयची किंमत बदलते. बिल्डचा फोल्डर मात्र प्रत्येक एबीआयला वेगळा ठेवा, नाहीतर जुन्या कॅशेमुळे डोकं फिरेल.

आयओएस_ताई
आमच्याकडे उलटंच. चिप एकच, तरी टार्गेटं दोन: आयफोनचं आर्म६४ आणि सिम्युलेटरचं आर्म६४. लिपो हे फायली जोडणारं ॲपलचं टूल एकाच आर्किटेक्चरचे दोन तुकडे एका फाइलीत घेत नाही, म्हणून दोन्ही वेगळे ठेवणारं एक्ससीफ्रेमवर्क पॅकेज करावं लागतं. तेव्हा टार्गेट ठरवताना नुसतं ३२ की ६४ बघून भागत नाही, ते कुठे चालणार हेही बघावं लागतं. त्या हिशोबाने तुमचं एक्स८६ मुख्यतः जुन्या एमुलेटरपुरतं (संगणकावरच्या नकली फोनपुरतं) आहे, ते खुशाल काढा. व्ही७ए लोकांच्या खिशात आहे.

सावंतवाडी_कोडर
ताईंशी सहमत. एक्स८६ याच आवृत्तीत काढा. व्ही७ए काढायचंच असेल तर आधी एक पूर्ण आवृत्ती रिलीज नोटमध्ये ठळक सूचना द्या आणि ॲपवाल्यांना त्यांचे आकडे बघून उत्तर द्यायला वेळ द्या.