मॅड मॅक्स २ पुन्हा बघायचाय: कोणती डिस्क घेऊ, काय तयारी करू?

रानवाट

जॉर्ज मिलरचा १९८१ चा 'मॅड मॅक्स २' (बरेच जण 'द रोड वॉरियर' या नावाने ओळखतात) मी शाळेत असताना भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर बघितला होता. कॅसेट घासलेली, टीव्ही छोटा, तरी शेवटचा टँकरचा पाठलाग डोक्यातून कधी गेला नाही. आता घरी ५५ इंची टीव्ही आणि डिस्क प्लेअर आहे, आणि हा सिनेमा एकदा नीट, मन लावून बघायची फार इच्छा आहे. सोबत भाचा असेल. पंधरा वर्षांचा आहे. याच मालिकेतला २०१५ चा 'फ्युरी रोड' त्याला तोंडपाठ आहे, हा मात्र त्याने पाहिलेला नाही.

ब्लू-रे घ्यावी की त्याहून स्पष्ट चित्राची ४के? पहिला भाग आधी दाखवायलाच हवा का? या वयाच्या मुलासोबत बघण्यासारखा आहे ना? आणि दुसऱ्यांदा बघताना कशाकडे लक्ष देऊ, तेही सांगा.

दुर्बीण

कॅसेटवर तुम्ही पाहिलात तो अर्ध्याहून जरासाच जास्त सिनेमा होता, त्यामुळे तुमचं हे 'पुन्हा बघणं' बऱ्याच अर्थाने पहिल्यांदाच बघणं ठरणार आहे. छायाचित्रकार डीन सेमलरने तो अ‍ॅनामॉर्फिक लेन्स (रुंद दृश्य आडवं दाबून फिल्मवर घेणारी) लावून २.३५:१ अशा रुंद चौकटीत टिपलाय. जुन्या टीव्हीची चौकट ४:३. कॅसेट काढताना दोन्ही बाजू कापायचे, म्हणजे जवळजवळ दोन पंचमांश चित्र गेलंच. एखाद्या घरगुती नाटकात एवढं कापलं तर फार बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण या सिनेमात काठावरच बरंच काही चाललेलं असतं. चित्रीकरण न्यू साउथ वेल्समधल्या ब्रोकन हिल आणि सिल्व्हर्टनच्या आसपासचं. जमीन इतकी सपाट की क्षितिज म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ. त्या रेघेच्या एका टोकाला मॅक्स उभा आणि दुसऱ्या टोकाला धुळीचा लोट उठलेला, अशी चित्रं वारंवार येतात. धोका किती लांब आहे हे कोणी बोलून सांगत नाही, ते अंतर बघूनच कळतं. काठ कापला की तो शॉटच संपला.

तेव्हा पहिली अट रुंद चौकटीची. वर-खाली काळे पट्टे दिसतील, ते राहू द्या. रिमोटवरचं झूमचं बटण दाबून पडदा भरायला जाऊ नका.

२०२१ मध्ये ४के डिस्क आली आहे. तुमचा प्लेअर ४के चालवत असेल तर तीच घ्या, उन्हातला आणि रात्रीचा फरक त्यात फार सुरेख उतरतो. साधा ब्लू-रे प्लेअर असेल तर केवळ यासाठी नवीन यंत्र घेऊ नका, ब्लू-रे उत्तम आहे. स्ट्रीमिंगवर मात्र माझा भरवसा कमी. उडती धूळ म्हणजे दर फ्रेमला बदलणारे लाखो ठिपके, आणि चित्र दाबून पाठवताना सगळ्यात आधी त्यांचाच चिखल होतो. या सिनेमात धूळ पहिल्या मिनिटापासून आहे!

जुनी डीव्हीडी कोणी देत असेल तर ती पाल पद्धतीची (भारतासह अनेक देशांतली जुनी टीव्ही पद्धत) आहे का बघा. त्यात सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम पळतात, म्हणून ९६ मिनिटांचा सिनेमा ९२ मिनिटांत आटोपतो आणि आवाज जरा वरच्या पट्टीत जाऊ शकतो. व्ही-एट इंजिनाची घरघर बारीक झालेली मला तरी सहन होत नाही. परदेशातून मागवताना रीजन कोडही (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा आकडा) तपासा. ४के डिस्कला ती कटकट नसते.

माळरान

पहिला भाग आधी बघायलाच हवा असं नाही. सुरुवातीच्या निवेदनात मागची गोष्ट थोडक्यात येते. अमेरिकेत पहिला भाग फारसा कोणी पाहिलाच नव्हता, म्हणून तिथे दुसऱ्याचं नाव बदलून तो स्वतंत्र सिनेमासारखा लावला.

पण दोन गोष्टी भाच्याला आधी सांगून ठेवा. पहिल्या भागाच्या शेवटी मॅक्सच्या गुडघ्यात गोळी लागते आणि हातावरून मोटरसायकल जाते. इथे त्याच्या पायाला लोखंडी आधार आहे आणि कातडी जॅकेटची एक बाही कापलेली आहे. त्याबद्दल कोणी अक्षर बोलत नाही. माहीत असेल तर तो प्रत्येक वेळी गाडीतून उतरताना कसा उतरतो हे दिसायला लागतं.

पुढेमागे पहिला भाग घेतलात तर मूळ ऑस्ट्रेलियन आवाजाचा घ्या. अमेरिकेत तो तिकडच्या उच्चारांत डब करून दाखवला होता, अगदी मॅक्स झालेल्या मेल गिब्सनचा आवाजसुद्धा.

कृष्णधवल

डिस्कइतकीच टीव्हीची तयारी महत्त्वाची आहे. सेटिंगमध्ये जा आणि मोशन स्मूदिंग बंद करा. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं असतं, 'मोशन' शब्द असलेला पर्याय शोधा. ते चालू असलं की टीव्ही दोन फ्रेमच्या मधल्या खोट्या फ्रेम स्वतः तयार करून घालतो. क्रिकेटला चालेल, इथे घात होतो. मिलरने पाठलागाचे कित्येक शॉट कॅमेरा मुद्दाम हळू चालवून घेतले आहेत, म्हणजे नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर गाड्या जास्त वेगात, किंचित झटके देत पळतात. तो झटका हवाय. टीव्हीने तो गुळगुळीत केला की ताशी शंभरची गाडी चाळिसावर आल्यासारखी वाटते.

फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, बहुतेक गोष्टी आपोआप जागेवर येतात. नसेल तर सिनेमा मोड घेऊन शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन खाली आणा. चित्रात बारीक दाणा दिसेल. ती फिल्मची मूळ पोत आहे, डिस्क खराब नाही.

आणखी एक. सिनेमा सुरू झाल्यावर चित्र कृष्णधवल आणि चौकोनी दिसेल, दोन्ही बाजूंना काळं. सेटिंग बदलायला उठू नका! प्रस्तावना मुद्दामच तशी आहे: तेल संपलं, राष्ट्रं लढली, रस्ते टोळ्यांच्या हाती गेले, हे सगळं जुन्या बातमीपटासारख्या चित्रांतून येतं. मग चौकट रुंदावते, रंग येतो आणि मॅक्सची काळी इंटरसेप्टर गाडी गर्जत समोर येते. त्या क्षणी आवाज पुरेसा मोठा असू द्या.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लेअर ४केचा आहे, तेव्हा डिस्कचं ठरलं. मोशनचा पर्याय आमच्याकडे चालूच होता, आत्ताच बंद केला.

भाच्याचं काय? त्याची आई, म्हणजे माझी ताई, आधी विचारेलच.

निळी शाई

ताईंना आधीच स्पष्ट सांगा. सुरुवातीच्या भागात मॅक्स आणि जायरोकॉप्टरवाला (हेलिकॉप्टरसारखं छोटं विमान उडवणारा माणूस) दुर्बिणीतून बघत असताना टोळी एका जोडप्याला गाठते. त्यात बलात्कार आहे. लांबून दाखवलाय, तरी काय चाललंय ते नीट कळतं. 'फ्युरी रोड' पाहिलाय म्हणून हाही चालेल असं धरून चालू नका, तिथे असं दृश्य थेट येत नाही. त्याशिवाय बाण, बूमरँगने तुटलेली बोटं, आणि कुत्र्याचा मृत्यू. आमच्या घरी मुलांना सगळ्यात जास्त लागला तो कुत्र्याचाच.

पंधराव्या वर्षी सोबत बसून दाखवायला माझी हरकत नाही. त्या प्रसंगानंतर थांबवून दोन मिनिटं बोला. मिलर सिनेमात येण्याआधी डॉक्टर होता, सिडनीच्या रुग्णालयात अपघाताचे रुग्ण त्याने पाहिले होते. मला त्याच्या हिंसेत ते जाणवतं. मार लागला की माणूस लगेच उठून धावत नाही. मॅक्स तर शेवटचा प्रवास सुजलेल्या डोळ्याने करतो. बाराच्या आतलं मूल असेल तर मात्र नकोच.

दुर्बीण

आता दुसऱ्यांदा काय बघायचं. पुढे शेवट फोडलाय, भाच्याला हे वाचू देऊ नका.

वस्तीतून निघणाऱ्या टँकरमध्ये तेल नसून वाळू आहे हे आता तुम्हाला ठाऊक आहे. मॅक्सला ते कोणी सांगत नाही. त्यामुळे निघण्याच्या तयारीची सगळी दृश्यं वेगळी दिसतात: कोण त्याच्या नजरेला नजर देतं, कोण कुठल्या गाडीत चढतं, पिंपं कुठे जातात. वस्तीचा म्होरक्या पापागालो टँकर चालवायला मॅक्सला होकार देतो तेव्हा त्याचा चेहरा बघा. पहिल्यांदा तो नाइलाज वाटतो, दुसऱ्यांदा त्यात हिशेब दिसतो. निवेदनाचंही तसंच. तो म्हातारा आवाज म्हणजे वस्तीतला, आता मोठा झालेला रानटी पोरगा, हे माहीत असताना पहिलं वाक्य ऐका.

बंदुकीच्या काडतुसांवर लक्ष ठेवा. सुरुवातीला मॅक्स रिकाम्या बंदुकीच्या धाकावर जायरोवाल्याला पुढे घालतो, आणि ती रिकामी आहे हे आपल्याला नंतर कळतं. शेवटी टँकरच्या बॉनेटवर काडतुसं घरंगळतात, पोरगा फुटक्या काचेतून बाहेर सरपटत त्यांच्याकडे हात लांबवतो, बोटं पोहोचणार इतक्यात टोळीतला वेझ समोरून वर येतो. आधी तासभर एकेका काडतुसाची किंमत ठसवलेली असते, म्हणून आपण त्या बोटांकडे श्वास रोखून बघतो.

आणि कुत्र्याच्या खाण्याच्या डब्याचा प्रसंग. मॅक्स चमच्याने खातोय, जायरोवाला आशाळभूतपणे बघतोय. मॅक्सचं झाल्यावर डबा आधी कुत्र्याकडे जातो आणि उरलंसुरलं त्या माणसाला. या जगात कोणाची काय जागा आहे ते एका डब्यात सांगून झालं. मिलर मूकपटांचा मोठा चाहता आहे, आणि मला हा प्रसंग थेट तिथून आलेला वाटतो.

माळरान

यात माझी भर. पाठलागात एक मोटरसायकलस्वार गाडीवर आदळून हवेत गरागरा फिरत जातो, तो शॉट थांबवून दाखवा. तो गाय नॉरिस. स्टंट फसला, पाय मोडला, शॉट सिनेमात राहिला. हाच माणूस पुढे 'फ्युरी रोड'च्या स्टंटचा प्रमुख झाला, म्हणजे तुमच्या भाच्याला पाठ असलेले स्टंट त्याच्या हाताखालून गेलेले आहेत. टँकर उलटतो तोही खराच उलटवलाय. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर, म्हणून चालकाला आधी उपाशी राहायला सांगितलं होतं.

कृष्णधवल

सिनेमा संपल्यावर एक प्रयोग जरूर करा. पाठलाग पुन्हा लावा, टीव्हीचा रंग शून्यावर आणा आणि आवाज बंद करा. संगीत ध्वनिमुद्रणाच्या वेळी वापरायला या सिनेमाची स्वस्तातली कृष्णधवल प्रत काढली होती. मिलरला ती इतकी आवडली की पुढे 'फ्युरी रोड'ची कृष्णधवल आवृत्ती निघाली ती त्याच आठवणीतून. आवाज नसतानाही कोण कुठे आहे, कोणामागे किती अंतरावर आहे, हे एकदाही हरवत नाही. वीसेक गाड्यांच्या गोंधळात हे साधणं किती अवघड आहे ते तेव्हाच लक्षात येतं.

रानवाट

हे नक्की करणार. सिनेमा चालू असताना मिलर आणि सेमलर त्याबद्दल बोलतात असा ट्रॅक आहे म्हणे, तो आधी ऐकू का?

दुर्बीण

तो २००७ च्या ब्लू-रेवर आहे. ४के घेताना मागच्या बाजूला लिहिलेलं वाचून घ्या, तो हवाच असेल तर जुनी ब्लू-रे वापरलेली मिळाली तरी चालेल. आधी अजिबात नको. भाच्यासोबत सिनेमा सरळ बघा, मग दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक लावून एकटे बसा. तेव्हा सबटायटल चालू ठेवा, म्हणजे मागचे संवादही सुटणार नाहीत, तसेही ते फार थोडे आहेत.