कोपरखैरण्यात छोटं वाचनालय काढतोय. काय ठेवावं, कसं चालवावं?

खाडीकाठचा, कोपरखैरणे

नमस्कार मंडळी. आमच्या मित्रमंडळाला सिडकोच्या बैठ्या घरांच्या ओळीत तळमजल्यावरची एक खोली मिळाली आहे. भाडं नाही, वीजबिल आपलं. वाचनालय काढायचं ठरलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘घरातली जुनी पुस्तकं द्या’ असा मेसेज टाकला. खोली गोण्यांनी भरली! कादंबऱ्या, दिवाळी अंक, इंजिनिअरिंगची पुस्तकं, पोथ्या, जुनी गाइडं, सगळं एकत्र.

वस्तीत बरीच घरं माथाडींची, सातारा आणि जुन्नर-आंबेगावकडची माणसं. बायका शिवणकाम करतात, डबे देतात. पोरं पोलीस भरती आणि एमपीएससीच्या मागे आहेत. पुस्तकं लावायची कशी? वर्गणी घ्यावी का? कधी उघडं ठेवावं? सरकारी अनुदान मिळतं का?

निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

दादा, खोली मिळाली म्हणजे सगळ्यात अवघड काम झालं. मी ठाण्यात वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरवर उमेदीची वर्षं काढली, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

गोण्या सोडण्याआधी एक दोनशेपानी वही आणा आणि तिच्यावर ‘मागणी’ असं लिहा. जो कुणी येईल आणि हवं ते मिळालं नाही म्हणून परत जाईल, त्याचं मागणं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. आमच्याकडे कादंबऱ्यांची कपाटं भरलेली होती आणि बायका विचारायच्या ब्लाऊज कटिंगचं पुस्तक. मापाच्या आकृत्या असलेलं एक पुस्तक आणलं, तर ते कधी फळीवर टिकलंच नाही. परत यायचं तेव्हा पानापानात खडूची पूड असायची आणि बाहीच्या आकृतीवर कुणीतरी पेन्सिलीने स्वतःचं माप लिहिलेलं असायचं. मला त्या पुस्तकाचा फार अभिमान वाटायचा. तुमच्या वस्तीला काय हवं ते ही वहीच सांगेल. देणगीत काय आलं, त्यावरून वाचनालय ठरवू नका.

आता गोण्या. जुनी इंजिनिअरिंगची पुस्तकं आणि गाइडं निःसंकोच रद्दीत घाला, देणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करू नका. मात्र राज्य मंडळाची जुनी इतिहास-भूगोलाची पाठ्यपुस्तकं बाजूला ठेवा. स्पर्धा परीक्षेची मुलं पाया पक्का करायला तीच शोधत फिरतात. एमपीएससीचं नवं साहित्य मात्र ताजंच घ्या; राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्याआधीचे बहुपर्यायी सराव संच मुख्यसाठी उपयोगाचे नाहीत.

राहिलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवा: क्रमांक, तारीख, लेखक, नाव, किंमत, कुणाकडून आलं. तोच दाखल क्रमांक शीर्षकपानाच्या मागे लिहा आणि शिक्क्यासह आतल्या एका ठरलेल्या पानावरही घाला. आम्ही त्याला गुप्त पान म्हणायचो. पहिलं पान फाटलं तरी पुस्तक आपलं आहे हे कळतं. मोठ्या ग्रंथालयांत विषयाप्रमाणे आकडे देऊन पुस्तकं लावतात, ते ड्यूईचं दशांश वर्गीकरण एवढ्याशा संग्रहाला नको. पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी लावा: मुलांसाठी पिवळी, परीक्षेसाठी लाल, कथा-कादंबरीला निळी, घर-आरोग्य-व्यवसायाला हिरवी. पहिलीतल्या पोरालाही पुस्तक जागेवर ठेवता आलं पाहिजे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’. छोट्या वाचनालयाला मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

खाडीजवळच्या तळमजल्याला ओल येणारच. रॅक लोखंडी घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, सगळ्यात खालची फळी मोकळी सोडा. पुस्तकं कोंबून लावू नका, हवा खेळली पाहिजे. दान आलेली पुस्तकं आत लावण्याआधी प्रत्येकाची शिवण उघडून बघा. कसर लागलेलं एक पुस्तक शेजारची रांग खाऊन टाकतं. पावसाळ्यात रोज थोडा वेळ पंखा चालू ठेवा.

अनुदानाचं आत्ता मनात आणू नका. त्यासाठी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवावी लागते. मग १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्यता आणि अ, ब, क, ड असे वर्ग. प्रत्येक वर्गाला पुस्तकसंख्या, सभासद, उघडं राहण्याच्या वेळा असे निकष असतात. आधी वाचक जमवा. हिशेब आणि नोंदवह्या मात्र पहिल्या दिवसापासून चोख ठेवा, पुढे त्याच कामाला येतात.

आणि एकदा ठाण्याला येऊन मराठी ग्रंथसंग्रहालय बघून जा. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी सुरू झालेली संस्था आहे, आजही चालू आहे.

भरतीवाला, घणसोली

दादा, ताईंचं सगळं बरोबर. माझं एकच म्हणणं, पुस्तकाइतकीच बसायची जागा महत्त्वाची. आमच्या घरी एका खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू. पोलीस भरतीला मैदानी ५० गुण आणि लेखी १०० गुण. सकाळी ग्राउंड करून आल्यावर शांत टेबल लागतं. दोन लांब बाकं, पांढरी ट्यूबलाइट, चार्जिंगचे पॉइंट आणि रोजचे दोन मराठी पेपर, एवढं करा. पोरं स्वतः झाडू मारतील.

वेळेबद्दल: माझे वडील एपीएमसीत भाजी मार्केटला आहेत. रात्रीच निघतात, दुपारी जेवून झोपतात, पाचला उठतात. सकाळी दहा ते पाच ठेवलंत तर माथाडी माणूस कधीच येणार नाही. संध्याकाळी साडेपाच ते दहा ठेवा. त्यांना पेपर वाचायला आवडतो, पण कुणी बसा म्हणालं पाहिजे.

ऐरोलीची आई

मुलांसाठी पैसे कमी असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं बघा, किंमत परवडते, चित्रं चांगली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत, प्रिंट काढून स्टेपल केलं की झालं. नाक्यावरच्या बांधकाम मजुरांची मुलं येतील, त्यांच्यासाठी हिंदीही ठेवा. रविवारी कुणीतरी मोठ्याने गोष्ट वाचा. माझ्या मुलीला वाचायची गोडी अशा गोष्टी ऐकूनच लागली.

खाडीकाठचा, कोपरखैरणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मागणी वही आजच आणली. पहिली नोंद शेजारच्या मावशींची: ‘संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म कसा भरायचा ते पुस्तक.’ वेळ साडेपाच ते दहा पक्की. ताई, अनामत किती घ्यावी? मंडळातले म्हणतात, पाचशे घ्या, नाहीतर पुस्तकं परत येणार नाहीत.

निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा

पाचशे फार झाले. मोठ्यांकडून शंभर घ्या, छापील पावती द्या, आणि सोडून जाईल त्याला त्याच दिवशी परत करा. मुलांकडून काहीही घेऊ नका. नाव, शाळा आणि घर लिहून घ्या, पुरे. काही पुस्तकं जातील. जाऊ द्या, ज्या घरात गेली तिथे कुणीतरी वाचतं आहे.

मावशींसाठी पुस्तक शोधत बसू नका. सेतू केंद्रातून कोरा फॉर्म आणा, एक नमुना भरून, लागणाऱ्या कागदांची यादी जोडून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये हिरव्या पट्टीच्या फळीवर ठेवा. आणि भरती करणाऱ्या मुलांपैकी एकाला सांगा, बुधवारी संध्याकाळी तासभर फॉर्म भरून द्यायला बसेल.