जुनिपरला कास्केड रूप देताना मुख्य वाक कुठे आणि केव्हा द्यावा?

गच्चीतली हिरवाई, कोथरूड

नमस्कार. सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून आणलेले चिनी जुनिपर गेली काही वर्षे माझ्या गच्चीवर आहे. त्याच्या बुंध्याची जाडी मातीलगत सुमारे २ सेंटिमीटर असून तिथून वीतभर उंचीपर्यंत खोड सरळसोट गेले आहे. त्यापुढे दोन फांद्या फुटल्या आहेत: एक आखूड आणि वर जाणारी, तर दुसरी चांगली दीड फूट लांब, लवचीक आणि शेंड्यापर्यंत दाट पानांची. ही लांब फांदी पाहूनच या झाडाला बोन्सायमधले कास्केड रूप, म्हणजे कड्यावरून खाली झेपावलेल्या झाडाचे रूप, द्यावे असे मनात आले.

अडचण अशी आहे की, ही फांदी हाताने खाली धरून पाहिली तर झाड कड्यावरून झेपावल्यासारखे दिसत नाही, खांबाला वेल अडकवल्यासारखे दिसते. खोडच वाकवायचे म्हटले तर एवढ्या जाडीचे खोड मोडेल की काय, अशी धास्ती वाटते. तेव्हा मुख्य वाक खोडात द्यावा की फांदीच्या बेचक्यात? तार कोणत्या धातूची आणि किती जाडीची घ्यावी? दिवाळी नुकतीच झाली आहे, तर थंडी पडल्यावर लगेच हे काम करावे की फेब्रुवारीपर्यंत थांबावे? उंच कुंडीही घ्यायची आहेच, त्यामुळे तार बांधणे आणि कुंडी बदलणे ही दोन्ही कामे एकदम उरकली तर चालतील का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कातळकडा, सिंहगड रस्ता

आपण जे पाहिले ते बरोबर आहे आणि उत्तराची निम्मी वाट त्यातच आहे. कास्केडचा सारा जीव पहिल्या वाकात असतो, आणि तो वाक मुळांच्या जितका जवळ तितका खरा वाटतो. सिंहगडाच्या किंवा राजगडाच्या तटबंदीच्या सांध्यांतून उगवलेले पिंपळ आणि उंबर एकदा नीट निरखून पाहावेत. तिथे खोड आधी सरळ वर गेले आणि मग विचार बदलून खाली वळले, असे कधीच आढळत नाही. ते दगडातून बाहेर पडतानाच आडवे होते, वजनाने खाली झुकते आणि शेवटी शेंडा पुन्हा उजेडाकडे वर उचलला जातो. जुनिपर आपल्या सह्याद्रीतले झाड नव्हे, परंतु जपानात निगाता प्रांतातल्या इतोइगावाजवळच्या कड्यांवरून जी शिम्पाकू जुनिपर पूर्वी गोळा केली गेली, त्यांच्या खोडांतही हीच चाल दिसते. म्हणून मुख्य वाक बेचक्यात न देता मातीपासून दोन-तीन बोटांच्या आतच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मोडण्याच्या भीतीविषयी. ही भीती अनाठायी नाही. गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे २ सेंटिमीटरचे खोड हे १ सेंटिमीटरच्या फांदीपेक्षा दुप्पट नव्हे तर सोळापट ताठ असते. हाच नियम तारेलाही लागू आहे. वाकवायच्या भागाच्या एक तृतीयांश जाडीची तार घ्यावी हा प्रचलित ठोकताळा धरला, तर आपल्याला ६ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार लागेल. ती मिळाली नाही तर ५ मिलिमीटरच्या दोन तारा अगदी शेजारीशेजारी, एकमेकींवर चढू न देता गुंडाळाव्यात. त्या दोन्ही मिळून ६ मिलिमीटरच्या एका तारेइतकेच बळ देतात. ३ मिलिमीटरच्या दोन तारांनी मात्र काहीही साधत नाही, आणि पुष्कळ जण नेमके तिथेच फसतात.

तार बांधण्याआधी राफिया (ताडाच्या पानांच्या चिवट पट्ट्या) भिजवून खोडावर घट्ट गुंडाळावा. वाक जिथे येणार त्याच्या बाहेरच्या बाजूने दोन-तीन बारीक तारा उभ्या ठेवून त्यांवर राफियाचा दुसरा थर द्यावा, म्हणजे ताण पडणाऱ्या बाजूचे तंतू फाटायला सहसा धजत नाहीत. राफिया न मिळाल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चालतात, मात्र त्या फार काळ खोडावर ठेवू नयेत. जाड तारेचे एक टोक खोडाच्या मागच्या बाजूने मातीत कुंडीच्या तळापर्यंत खुपसावे, कारण तारेला बूड नसेल तर वाकवताना ती नुसतीच फिरत राहते. त्यानंतर सुमारे ४५ अंशांच्या तिरकस वेढ्यांनी वर जावे आणि एक वेढा वाकाच्या बरोबर बाहेरच्या अंगावर येईल असे पाहावे. ज्या दिशेने वेढे घातले त्याच दिशेने खोडाला किंचित पीळ देत वाकवले, तर तार घट्ट होत जाते. उलट दिशेने पिळले तर ती सैल पडते आणि सगळा भार सालीवर येतो.

प्रत्यक्ष वाकवताना दोन्ही अंगठे वाकाच्या आतल्या बाजूला टेकवावेत, बोटांनी बाहेरून धरावे आणि नजर बाहेरच्या बाजूवर ठेवावी. खोड वाकू लागते तसा तिथला ओला राफिया ताणून चकाकू लागतो आणि त्याच्या पट्ट्यांमधल्या फटी हळूहळू रुंद होतात. फट एकाच जागी रुंदावत असेल तर सारा ताण त्याच जागी एकवटला आहे असे समजावे आणि अंगठे थोडे सरकवून पुन्हा सुरुवात करावी. बारीक 'कट्' असा आवाज आला तर तिथेच थांबावे, तेवढ्याच स्थितीत खोड ओढून धरणारी ताणाची तार बांधून झाड सोडून द्यावे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुढचा वाक द्यावा. काम करण्याच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नये. पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असताना लाकूड लवकर मोडते. आपल्याकडे डिसेंबर आणि जानेवारी हे या कामाचे महिने आहेत, तेव्हा फेब्रुवारीची वाट पाहण्याचे कारण नाही.

मुळाकाठ, बिबवेवाडी

कातळकडा यांचे वाकाच्या जागेविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फक्त सगळे काम तारेकडूनच करून घ्यावे, हे पटत नाही. २ सेंटिमीटरच्या खोडाला शंभर-सव्वाशे अंशांचा वाक देण्यापेक्षा झाड कुंडीतच कलते लावले, तर निम्म्याहून अधिक काम काहीही न वाकवता होते. खोड ६० अंशांनी कललेले असेल तर बुंध्यापाशी आणखी थोडाच वाक पुरतो, आणि उरलेला उतार लांब फांदीत विभागून देता येतो. त्या फांदीचे लाकूड कोवळे आहे, तिथे ४ मिलिमीटरची तारही बहुधा पुरेल.

यासाठी आज कुंडी बदलण्याचीही गरज नाही. आहे ती कुंडी विटांचा टेकू देऊन कलती करावी, ती डोळ्यांच्या उंचीवर ठेवावी आणि चार-पाच दिवस येता-जाता पाहावी. कास्केड नेहमी समोरून, नजरेच्या पातळीवर पाहायचे झाड आहे. जमिनीवर ठेवून वरून पाहिले तर त्याचा उतार कळतच नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे बोन्सायही मांडलेले असतात. जमल्यास ते पाहून यावे आणि कास्केड दिसलेच तर बुंध्यातून पहिला वाक कोणत्या कोनाने निघतो, एवढेच टिपून घ्यावे.

दोन्ही कामे एकदम करू नयेत. वाकवताना सालीखालच्या जिवंत थराला इजा होतेच, आणि ती भरून काढायला शाबूत मुळे लागतात. या थंडीत तार बांधावी आणि झाडाने नवी पालवी धरलेली दिसली, तरच पावसाळ्याच्या तोंडाशी कुंडी बदलावी; तसे न दिसल्यास ते काम पुढच्या फेब्रुवारीवर टाकावे. कुंडी बदलताना झाड कलते केले की एका बाजूची मुळे उघडी पडतात. त्यांतली बारीक मुळे छाटता येतात, पण जाड मुळाला हात लावण्याआधी ते लांब फांदीच्या बाजूचे नाही ना, याची खात्री करून घ्यावी, कारण जुनिपरमध्ये अमुक मुळे अमुकच फांदीला पोसतात असा सरळ संबंध पुष्कळदा असतो.

उंच कुंडीचा एक लाभ आपल्या पावसात विशेष जाणवतो. कुंडीच्या तळाशी पाणी धरून राहणाऱ्या थराची उंची मिश्रणावर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नव्हे; त्यामुळे उंच कुंडीत त्या थराच्या वर हवेशीर जागा जास्त उरते. अर्थात मिश्रण भरड हवे. चाळलेले विटांचे तुकडे आणि बारीक खडी निम्म्याहून अधिक असावी, पोयट्याची माती मुळीच नसावी.

धातूविषयी थोडेसे. तांब्याची तार त्याच जाडीत ॲल्युमिनियमपेक्षा बरीच बळकट असते आणि नजरेलाही कमी खुपते. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात अर्थिंगसाठी मिळणारी भरीव, उघडी तार घेता येते. पण ती मंद लालसर होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यावी लागते, आणि एकदा वाकवली की ती पुन्हा कडक होते, त्यामुळे बांधताना चूक सुधारायला वाव राहत नाही. पहिल्या कास्केडसाठी ॲल्युमिनियमच घ्यावे.

गच्चीतली हिरवाई, कोथरूड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कुंडी विटांवर कलती करून पाहिली आणि खरोखरच झाडाचा चेहरा बदलला. आता बुंध्यापाशी फारसा वाक द्यावा लागणार नाही असे दिसते. आणखी दोन शंका आहेत. वर जाणारी आखूड फांदी ठेवावी की काढावी? आणि माझ्या गच्चीवर दुपारनंतर पश्चिमेचे कडक ऊन येते, तर तार बांधल्यानंतर झाड कुठे ठेवावे?

बकुळ, सहकारनगर

तुमच्या दोन्ही शंका एकाच मुद्द्यापाशी येऊन मिळतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. झाडाची ओढ सर्वांत उंच असलेल्या शेंड्याकडे असते. आपण लांब फांदी खाली वळवली की झाडाच्या लेखी ती दुय्यम होते, आणि वरची आखूड फांदी आपोआप मुख्य शेंडा बनून जोर धरते. पुष्कळ कास्केड वाकवताना नव्हे तर त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बिघडतात: माथा गच्च होत जातो आणि खालचे टोक विरळ होत शेवटी वाळते. म्हणून आखूड फांदी आज काढू नये, पण तिला मोकळेही सोडू नये. वाकाच्या माथ्यावर छोटा, पसरट झुपका राहील इतपत ती वेळोवेळी छाटत राहावी. लांब फांदीचा शेंडा मात्र बिलकुल खुडू नये, आणि त्याचे शेवटचे दोन-तीन इंच तारेने वर उचलून उजेडाकडे वळवावेत. दिसायलाही ते योग्य दिसते, पण माझ्या दृष्टीने मुख्य कारण त्या शेंड्याची वाढ चालू राहावी हेच आहे.

याच कारणासाठी वाढीच्या महिन्यांत मी कास्केड नेहमीच्या स्थितीत उभे ठेवत नाही. कुंडी उलट बाजूला कलती करून लोंबणारी फांदी जवळजवळ आडवी येईल असा टेकू देते, म्हणजे माथा आणि टोक यांना सारखाच उजेड मिळतो. कुणाला दाखवायचे असेल तेव्हा झाड उंच स्टुलावर चढवावे. बाकीचे दिवस ते त्याच्या सोयीने राहिले तर काय बिघडते?

छाटणी करताना जुनिपरचा एक स्वभाव लक्षात असू द्यावा. पाने नसलेल्या उघड्या लाकडातून त्याला बहुधा नवे फुटवे येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक कापाच्या मागे थोडी तरी हिरवी पालवी राहिलीच पाहिजे. फार छाटले तर खवल्यांसारख्या पानांऐवजी टोचरी, सुईसारखी कोवळी पाने येऊ लागतात. ती दिसली की वर्षभर कात्री बाजूला ठेवावी.

तार बांधल्यानंतर दोन-तीन आठवडे झाड वाऱ्यापासून आडोशाला, फक्त सकाळचे कोवळे ऊन येईल अशा जागी ठेवावे आणि पालवीवर पाण्याचा फवारा मारावा. जुनिपर मेल्यावरही काही आठवडे हिरवेच दिसते, म्हणून रंगावर विसंबू नये. शेंड्याची टोके फिकट, ताजी हिरवी होऊन पुढे सरकू लागली की वाक सोसला असे समजावे. मार्चपासून पश्चिमेच्या उन्हाला शेडनेट बांधावे. तेव्हा उष्ण, कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड हमखास येते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी आणि पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर पालवी खालून-वरून पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. एप्रिल-मे महिन्यांत वळवाबरोबर जो वारा सुटतो त्याने उंच कुंडी सहज कलंडते, त्यामुळे कुंडी स्टुलाला तारेने जखडूनच ठेवावी.

राहिला प्रश्न तार काढण्याचा. पावसाळा सुरू झाला की खोड भराभर जाड होते, तेव्हा जूनपासून दर आठवड्याला तारेच्या कडेने नख फिरवून पाहावे. साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर येऊ लागली असेल तर आणखी आठवडाभरही थांबू नये. तार उलट उलगडत बसू नये, कटरने प्रत्येक वेढ्यावर तुकडे करून काढावी. उलगडताना पालवी मोडते आणि वाकाला हिसका बसतो. बुंध्याचा वाक एका हंगामात बहुधा पूर्ण बसत नाही आणि तार काढताच खोड थोडे मागे येते. तसे झाल्यास सालीला महिनाभर विश्रांती द्यावी आणि नवी तार जुन्या वणांवरून न नेता त्यांच्या मधल्या जागेतून बांधावी.